आठ नट आणि मेणाचा एक गोळा: पुरात बुडालेल्या चरकाचं प्रकरण

ऑक्टोबर २०२२ मध्ये कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या पट्ट्यातल्या एका गुऱ्हाळघरातून बोलावणं आलं. दसरा होऊन गेला होता, ऊस तोडीला आला होता आणि चरक, म्हणजे ऊस पिळायचं यंत्र, उघडत नव्हता. वरच्या लाटेचे, म्हणजे ऊस दाबणाऱ्या रुळाचे, बुश (ज्या कड्यांत ती फिरते त्या) झिजलेले. ते बदलायचे तर लाट उचलावी लागणार, लाट उचलायची तर दोन्ही बाजूंच्या टोप्या काढाव्या लागणार, आणि टोप्यांवरचे आठही नट गंजून जाम. फोनवर गुऱ्हाळाचे मालक आबा म्हणाले, "मिस्त्री, सात हायती. आठव्याचं मुंडकं पोरानं उडवलं."

मी उद्यमनगरात फिटरकाम करतो. गंजलेला नट आमच्याकडे रोज येतो. पण हे काम मी वहीत टिपून ठेवलं, कारण इथं एकाच यंत्रावर, एकाच मापाचे, एकाच पुरात बुडालेले आठ नट होते. गरम करून मेण पाजायची रीत मी आधीपासून वापरत होतो. तिच्यात उष्णता काय करते आणि मेण काय करतं, हे मात्र मला या चरकानं दाखवलं.

यंत्राची हकिगत थोडक्यात. तीन लाटांचा आडवा चरक, दोन्ही अंगांना बिडाची (ओतीव लोखंडाची) गालं, मोटारीवर पट्ट्यानं फिरणारा. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा चरक आठवडाभर बुडून होता. जुलै २०२१ च्या पुरात पुन्हा बुडाला. मधली वर्षं ऊस कारखान्याला गेला आणि गुऱ्हाळ बंद राहिलं. चालू यंत्रात नट दरसाल एकदा तरी हलतो. हे नट तीन वर्षं जागचे हलले नव्हते. त्यातच चरकाच्या आट्यांत, म्हणजे नट आणि स्टड (गालात बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट) यांच्या पेचांत, उसाचा रस आधीच मुरलेला असतो. रस मुळात थोडा आंबट, आणि राहिला की आणखी आंबतो. त्यावर पुराचं पाणी आणि गाळ. लोखंड गंजलं की त्याची जागा वाढते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. नट आणि स्टड यांच्या आट्यांमध्ये ती जागा असतेच किती? मग गंज तिथं पाचरीसारखा ठासून बसतो.

मी पोचलो तेव्हा नटांवर डिझेलचा काळा ओघळ होता. आबांच्या पुतण्यानं चार दिवस आधी डिझेल ओतलं होतं, पान्याला मीटरभर पाइप लावला होता आणि लोंबकळला होता. हिशोब साधा आहे. ५० किलोचा माणूस मीटरभर लांबीवर लटकला तर जवळपास ४९० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. पाऊण इंची साध्या लोखंडी स्टडला एवढा पीळ सोसत नाही. स्टड टोपीच्या वर बोटभर अंतरावर तुटला होता आणि तुटलेला भाग चकाकत होता. म्हणजे त्याला जुनी चीर नव्हती. चांगला स्टड निव्वळ जोरानं तोडला होता. पोरगं बाजूला मान खाली घालून उभं होतं, त्याला मी काही बोललो नाही. त्या वयात मीही असेच तोडले आहेत, आणि शिकवायला कुणी असलं की तोडणं थांबतं.

आबांची अट मात्र स्पष्ट होती. "आता डिझेल-बिझेल कायबी वतू नका. खाली रसाची पन्हळ हाय. रसाला वास लागला की गूळ गेला." गुळव्याच्या नाकाला तो वास कळतो आणि बाजारात ढेप फोडून बघणाऱ्यालाही कळतो. अट रास्तच होती. मी पिशवीतून मेणबत्ती काढली आणि सांगितलं की हे मेणही खनिज तेलातूनच येतं, पण वास नाही आणि गार झालं की जागेवर घट्ट राहतं, ओघळत नाही. आबा आत गेले आणि पिवळट मेणाचा मुठीएवढा गोळा घेऊन आले. भुदरगडात पाटगावकडे त्यांची मुलगी दिली आहे, तिकडचं मधाच्या पोळ्याचं मेण. "हे चालंल का?" चालेल काय, उत्तम. पोळ्याचं मेण खाण्याच्या जिनसांनाही लावतात. मेणबत्तीचं मेण साधारण ५५ ते ६० अंशांना वितळतं, हे ६२ ते ६४ ला. कामात एवढा फरक जाणवत नाही. पुढचं सगळं काम त्याच गोळ्यावर केलं.

गुऱ्हाळघरात आग पेटवण्याआधी आजूबाजूला बघावं लागतं. तिथं सगळीकडे वाळलेलं चिपाड असतं, आणि चुलवाणाला जे जळण म्हणून चालतं ते ठिणगीलाही चालतं. चरकाभोवतीचं चिपाड वीस फुटांपर्यंत झाडून काढलं. पन्हळीवर आणि मोटारीवर ओली पोती टाकली. पाण्याच्या दोन घागरी आणि वाळूचं घमेलं हाताशी ठेवलं. पट्टा उतरवून लांब नेला, कारण रबर तापलं की गेलं. मोटारीचा फ्यूज काढून आबांच्या खिशात दिला. यात तास गेला. हा तास मी कधीच वाचवत नाही.

दुसरा तास तारेच्या ब्रशला दिला. नटाच्या वर निघालेल्या आट्यांत गाळ वाळून सिमेंटसारखा झाला होता. डिझेल आत का शिरलं नाही ते तिथं कळलं: वरच बूच बसलं होतं. ब्रश आणि टोकदार टोच्यानं आट्यांची एकेक चर मोकळी केली. ब्रशखाली जुन्या रंगाचा शेंदरी थर निघाला, तोही खरवडून काढला. जुन्या यंत्रांना शेंदूर म्हणजे शिशाचा रंग लावायची पद्धत होती. तसा रंग ज्योतीखाली धरला तर त्याचा धूर छातीत जातो. खरवडतानाही तोंडाला फडकं बांधलं, भुकटी ओल्या फडक्यानं टिपून घेतली. जस्ताचा मुलामा असलेल्या नटाबाबतही हीच काळजी. सुदैवानं इथले नट काळे, साधे होते.

माप पाऊण इंची, व्हिटवर्थ आट्याचं, इंचाला दहा आटे. देशात मेट्रिकचा कायदा १९५६ चा, पण चरकांची धाटणी त्याच्याही आधीची आणि ती तशीच चालत आली. ३३ चा सॉकेट चपखल बसला. सॉकेट सहा कोनी घ्यायचा. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे खातो.

मग हातोडीनं प्रत्येक नट ठोकून ऐकला. ढिल्या नटाचा आवाज बद्द येतो, दोन वस्तू एकमेकींवर आपटल्यासारखा. जाम नटाचा आवाज घंटेसारखा एकसंध येतो, कारण नट आणि स्टड एकच लोखंड झालेलं असतं. सातही नट घंटेसारखे वाजले. नदीकडच्या बाजूचे तर जास्तच, कारण त्या अंगाला गाळ जास्त साचला होता.

पहिल्या नटावर मी चुकलो. गॅस टॉर्च लावला, नट चांगला तीन-चार मिनिटं भाजला. डिझेलचा उरलेला अंश भक्कन पेटला, काळा धूर निघाला, तो जळून संपला. मग घाईनं मेणाचा गोळा टेकवला. मेण चरचरलं, पांढरा धूर झाला आणि वर पिवळी ज्योत उभी राहिली. नट इतका तापला होता की मेण आट्यात शिरायच्या आधीच जळत होतं. पान्याला नट हलला नाही. तो तसाच सोडून दिला. त्यावर पाणी ओतायचा मोह अनेकांना होतो. खाली बिडाचं गाल आहे. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, आणि गाल तडकलं तर नट मोकळा होऊन काय उपयोग?

दुसऱ्या नटापासून हात ताब्यात ठेवला, आणि इथं मेणाचा दुसरा गुण कळला. मेण म्हणजे कामगाराच्या हातातला थर्मामीटर आहे. ज्योत नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर फिरती ठेवली, स्टडवर शक्य तितकी कमी. दीड-दोन मिनिटांनी ज्योत बाजूला केली आणि नट-स्टडच्या सांध्यावर मेण टेकवलं. मेण गोठून तिथंच पांढरं बसलं तर नट गार आहे. धूर सुटला तर जास्त तापला आहे, थांबायचं. योग्य वेळी मेण आवाज न करता पाण्यासारखं पातळ होतं, सांध्याभोवती चकचकीत वळं उभं राहतं, आणि बघता बघता त्या वळ्याची पातळी खाली जाते. नट मेण पितो. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच हे. भेग जितकी बारीक तितकी ओढ जास्त, आणि वितळलेलं मेण अशा भेगेला पुरेसं पातळ असतं. इथं स्टड उभे होते, त्यामुळे वजनाचीही मदत झाली. पण ही ओढ उलट्या दिशेनंही चालते. छताला वरून लोंबणाऱ्या बोल्टलाही खालून मेण लावलं तर ते वर चढताना मी पाहिलं आहे.

तीन-चार वेळा पाजल्यावर नटाखालच्या वॉशरच्या कडेला ओली, काळपट रेघ उमटली. मेण आरपार गेलं होतं. ती रेघ पुतण्यानं पहिल्यांदा पाहिली, बोट दाखवून ओरडलाच, "आलं, खाली आलं!" त्या क्षणापासून त्याचं लक्ष कामात लागलं.

ती रेघ दिसेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. दिसल्यावर नटाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि समोरून हलक्या हातानं ठोकत सहाही बाजू फिरायच्या. मग सॉकेट लावून आधी आवळायच्या दिशेला किंचित जोर, मग सोडायच्या दिशेला. आवळायच्या दिशेला का, असं पोरानं विचारलं. कुठल्याही दिशेनं का होईना, गंजाची पहिली पकड तुटायला हवी. दुसरा नट तापवण्या-पाजण्याच्या दुसऱ्या फेरीत 'कुर्र' करून फिरला. पावभर फेरा सोडला, थोडा परत आवळला, मेण लावलं, पुन्हा सोडला. सरळ एका दमात काढायला गेलं की सुटलेल्या गंजाची पूड आट्यांत अडकते आणि नट अर्ध्यावर रुतून बसतो.

तिसऱ्या नटावर मी मुद्दाम मेण वापरलं नाही. मला बघायचं होतं की निव्वळ उष्णतेनं काय होतं. पहिल्यासारखाच तापवला, ठोकला, पाना लावला. अर्धा फेरा सुटला. मला वाटलं मेणाची गरजच नव्हती. पण अर्ध्या फेऱ्यानंतर तो करकरत घट्ट होत गेला आणि थांबला. मागे-पुढे केला तर दोन्हीकडे जड. मग गरम करून मेण पाजलं, रेघ खाली दिसली, आणि नट गुळगुळीत फिरत वर आला. स्टडवर काळसर तपकिरी लेप होता, मेणात मिसळलेली गंजाची पूड. मला वाटतं या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही. उष्णता गंजाची पकड तोडते: नट तापून फुगतो, स्टड त्यामानानं गार असतो. पाऊण इंच म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर व्यासाचा नट १८० अंशांनी जास्त तापला तर चार शतांश मिलिमीटर मोकळा होतो. कागदाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी, पण ठिसूळ गंजाचा थर तडकायला तेवढं बस होतं. पुढचा सगळा प्रवास मेणाचा आहे. ते आट्यांना वंगण देतं आणि पूड स्वतःत धरून ठेवतं. तेलही हे करू शकतं, पण तापल्या नटावर पातळ तेल धूर होऊन उडतं, आणि गार नटावर ते या गंजात शिरतच नव्हतं. मेण मात्र नट निवत असताना आत जातं, आणि निवताना आत तयार झालेल्या भेगा त्याला ओढून घेतात.

नंतर पहिल्या नटाकडे परत गेलो. तोवर तो पूर्ण गार झाला होता. नव्यानं, बेतानं तापवला. दोन फेऱ्यांत निघाला. वाया गेलेली पहिली भाजणीही पकड थोडी मोडून गेली असणार.

नदीकडची बाजू अवघड गेली. चौथा नट तीन फेऱ्यांनी, पाचवा चार फेऱ्यांनी. सहाव्याला सात फेऱ्या लागल्या आणि मध्ये एक रात्र गेली. संध्याकाळी सहाव्या फेरीपर्यंत तो हलला नव्हता. माझा हात पाइपकडे गेला होता, खरंच गेला होता. आबा म्हणाले, "ऱ्हावू द्या. सकाळच्याला बघू." रात्रभर मेण आत गोठून राहिलं. सकाळी सातव्यांदा गरम केला आणि पाना लावताच तो निघाला, पाइपशिवाय, एका हातानं. तेल असतं तर रात्रीतून ओघळून गेलं असतं. मेणानं जागा धरून ठेवली.

सातवा मेणानं निघाला नाही. त्याचे कोपरे आधीच कुणीतरी पाइप पान्यानं गोल केले होते, सॉकेट पकडच घेईना. अशा नटावर वेळ घालवू नये. नटाच्या एका सपाट बाजूला छोट्या ग्राइंडरनं उभी चीर पाडली, आट्यांच्या किंचित आधी थांबलो, आणि चिरेत धारदार छिन्नी ठोकून नट फाडला. स्टडचे आटे शाबूत राहिले. नट स्वस्तात मिळतो. स्टड काढायचा तर बिडाच्या गालातले आटे धोक्यात येतात, म्हणून नेहमी नटाचा बळी द्यावा.

उरला आठवा, तुटलेला. तुटक्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंगनं भरला. वेल्डिंगनं बुंधा आतून लालभडक तापतो, आणि तोच गंज सोडायला सगळ्यात उत्तम ताप आहे. लाली गेल्यावर, हाताला धग लागेल पण धूर निघणार नाही इतपत निवल्यावर, बुंध्याच्या मुळाशी मेण लावलं. इथं मेण मुरायला उशीर लागला, कारण बिडाचं जाड गाल उष्णता शोषून घेत होतं. दोनदा वेल्डिंगचा नट सुटला, तिसऱ्यांदा टिकला. बुंधा चार बोटं खोल होता. पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं, मध्ये मेण, असं करत पाऊण तासानं बाहेर आला. शेवटचे दोन आटे पोरानं हातानं काढले. त्याच्या तळहातावर तो काळा, मेणानं माखलेला तुकडा ठेवला तेव्हा तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

लाट उचलली, बुश निघाले. ते गनमेटलचे, आतून एका अंगाला खाल्लेले. नवे ओतून घेणं उद्यमनगरात रोजचं काम, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. स्टडच्या आट्यांवरून पाऊण इंची डाय फिरवली, गालातल्या भोकात टॅप. मेणाचा लेप उकळत्या पाण्यानं आणि फडक्यानं धुतला, पन्हळ दोनदा उकळत्या पाण्यानं. आबांनी पन्हळीत हात फिरवून तो नाकाशी नेला, मगच मान डोलावली.

बसवताना आठही स्टडच्या आट्यांना पोळ्याच्या मेणाचा पातळ हात दिला आणि नवे नट घातले. एक काळजी मात्र घ्यावी लागते. मेण लावलेला नट कोरड्या नटापेक्षा हलका फिरतो, त्यामुळे कोरड्याच्या सवयीनं जोर लावला तर स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. मी नेहमीच्या जोराच्या पाऊण हिश्शावर थांबलो, दोन्ही बाजूंचे चार-चार नट आलटून पालटून तिरपे आवळले, आणि पहिल्या दिवसाच्या गाळपानंतर पुन्हा तपासले. एकच थोडा सैल झाला होता. जिथं यंत्राला ठरावीक पिळाचा आकडा दिलेला असतो, इंजिनाच्या हेडसारखा, तिथं मात्र हे मनानं करू नये. तो आकडा कोरड्या आट्याचा आहे की वंगण लावलेल्याचा, ते पाहूनच आवळावं. चाकाच्या नटांना आणि ब्रेकच्या बोल्टना मी मेण लावत नाही.

दिवाळीनंतर काहील चढली. पहिल्या आधणाची ढेप आबांनी घरी पाठवून दिली.

पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, पोरानं स्वतःहून फोन केला, नटांना काय लावू म्हणून. मी म्हटलं, ऊन चढलं की लोखंड तापतं, तेव्हा नुसता गोळा घासलास तरी मेण लागतं. मग टॉर्चचा हलका शेक दे, म्हणजे आत मुरेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुश बघायला पुन्हा गेलो. आठपैकी सात नट साध्या रिंग पान्यानं सुटले. उरलेला एक नदीकडचा, मागच्या वेळी सहावा जिथं होता तोच. त्याला शेक लागला. पोरानं टॉर्च माझ्या हातातून घेतला, ज्योत फिरवली, बाजूला केली, गोळा टेकवला आणि सांध्यावरचं चकचकीत वळं आत जाईपर्यंत थांबून राहिला.